जीपवर कोकणची लाल धूळ: १:३५ मॉडेल रंगवायला शिकताना

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचं किट जोडून झालं, रंगही नीट बसला, तरी गाडी खेळण्यातलीच वाटते. अशा वेळी नवखा माणूस रंगाला दोष देतो आणि महागडी बाटली मागवतो. रंगात सहसा काही चुकलेलं नसतं. त्या गाडीवर अजून काहीच घडलेलं नसतं, एवढंच. तिच्यात कुणी चिखलाच्या बुटांनी चढलेलं नसतं, ती उन्हात उभी राहिलेली नसते, कच्च्या रस्त्याने पन्नास मैल धावलेली नसते. वेदरिंग म्हणजे हे सगळं टेबलावर घडवून आणायचं.

त्यामुळे ब्रश उचलण्याआधी गाडीचा ठावठिकाणा ठरवा: ती कुठली, कोण चालवतं, महिना कोणता. हे न ठरवता बसलात तर सगळीकडे सारखाच तपकिरी रंग फासला जातो आणि गाडी वापरलेली न दिसता नुसती मळकी दिसते.

पहिल्या कामासाठी मी टामिया या जपानी कंपनीची १:३५ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढी, विलीज एमबी ही दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी लष्करी जीप सुचवतो. भाग कमी, चारही चाकं उघडी, आतलं सगळं दिसतं आणि रणगाड्यासारखी पट्ट्यांची कटकट नाही. पूर्ण झाल्यावर जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर लांब. (१:३५ हे विचित्र माप कुठून आलं, असं कुणी विचारलं तर सांगा की बॅटरीतून. टामियाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत बॅटऱ्या मावतील एवढा तो करावा लागला आणि तेच माप पुढे रूढ झालं.)

आपल्या जीपची गोष्ट अशी धरू: दुसऱ्या महायुद्धानंतर इथेच राहिलेली, लष्कराने विकून टाकलेली, आणि आता रत्नागिरीकडच्या जांभ्याच्या रस्त्यांवर एखाद्या ठेकेदाराच्या कामाला लागलेली. महिना मे. पाऊस नाही, सगळीकडे कोरडी लाल धूळ. पुढे जे जे करायचं ते या गोष्टीवरून ठरेल. तुम्हाला घाटावरची गाडी हवी असेल तर रंग बदलतील. काळी माती ओली असताना जवळपास काळी दिसते आणि चाकाला लोळ्यांनी चिकटते, वाळली की करडी पडते. पद्धत मात्र तीच.

साहित्य

ब्रश चार पुरेत: ० आणि २ नंबरचे गोल, एक चपटा सिंथेटिक आणि एक झिजून गेलेला जुना. जुना फेकू नका, अर्धं वेदरिंग त्यानेच होतं. ब्रशने रंगवणार असाल तर व्हॅलेहोसारखे पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक घ्या. टामियाचे अ‍ॅक्रिलिक एअरब्रशमध्ये (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) सुरेख चालतात, ब्रशने मात्र दुसरा हात मारायला गेलं की खालचा उखडून येतो. कापडावर रंगवायचे फॅब्रिक रंग इथे अजिबात नकोत, त्यांचा थर रबरी होतो आणि कडेने सोलून निघतो. एअरब्रश असला तर उत्तम, पण पहिली जीप त्याच्यावाचून अडत नाही.

वेदरिंगसाठी परदेशी कंपन्यांच्या छोट्या बाटल्या मिळतात आणि त्या चांगल्या असतात, पण महाग पडतात. सुरुवातीला कॅमलच्या तैलरंगाच्या ट्यूब घ्या: बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, यलो ओकर, काळा आणि पांढरा. सोबत टर्पेंटाइन. हार्डवेअरच्या दुकानातलं चालतं, पण चित्रकलेच्या दुकानातलं कमी वासाचं मिळालं तर घरातले कमी ओरडतील. धुळीसाठी किराणा किंवा पूजा साहित्याच्या दुकानातला गेरू आणि मूर्तिकाराकडची मूठभर शाडू माती. हे दोन पदार्थ हाताशी असणं हा आपला मोठा फायदा आहे. बाकी ६बी पेन्सिल, भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा, मास्किंग टेप, लाकडी काड्या आणि फेविकॉल.

धुणं, जोडणं, प्रायमर

साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेल्या तेलाचा अंश किटवर असतो, त्यावर रंग धरत नाही. स्प्रूसकट (सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात ती) सगळं कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवा. उकळतं पाणी नको, प्लॅस्टिक वाकडं होईल.

सगळी गाडी एकदम जोडू नका. चासी, वरची बॉडी, चाकं, सीट आणि काचेची चौकट असे पाच गट वेगळे ठेवा. एकदा सीट चिकटली की तिच्यामागे ब्रश जात नाही. साच्याच्या जोडरेषा पॉलिश पेपरने काढा, टायरच्या मधोमध असलेली तर नक्कीच. आत्ता न दिसणारी रेघ पुढे ड्रायब्रश केल्यावर (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासल्यावर) ठळकपणे वर येते. काच फेविक्विकने कधीही चिकटवू नका, त्याच्या वाफेने ती कायमची पांढुरकी होते. तिथे फेविकॉल.

प्रायमर राखाडी घ्या. स्प्रेचा डबा असेल तर वीसेक सेंटिमीटरवरून, भागाच्या बाहेर सुरुवात करून भागाच्या बाहेरच थांबायचं. जाड थर एकदा देण्यापेक्षा झुळझुळीत दोन. गाड्यांच्या गॅरेजमधला प्रायमर स्वस्त असतो, पण काही डब्यांतलं थिनर प्लॅस्टिक खातं, म्हणून आधी रिकाम्या स्प्रूवर मारून पाहा. पावसाळ्यात स्प्रे मारताना जरा सांभाळून. हवेत दमटपणा जास्त असला की ओल्या थरावर बाष्प धरतं आणि धुरकट पांढरी झाक येते, वार्निशवर तर हमखास. मुंबईत जुलैमध्ये ब्रशने लावायचा प्रायमर वापरणं शहाणपणाचं.

मूळ रंग

रंग ऑलिव्ह ड्रॅब, टामियात एक्सएफ-६२. बाटलीतला तसाच लावला तर जीप काळपट दिसते. लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद भासतो, म्हणून त्यात थोडा पिवळसर फिका रंग मिसळून दोन पायऱ्या उजळ करा. पांढरा टाळा, त्याने हिरवा खडूसारखा मरतो. दोन किंवा तीन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर. पहिल्या हातानंतर गाडी चट्टेरी आणि भयाण दिसेल. दिसू द्या.

बॉनेटचा वरचा भाग, मडगार्डच्या पाठी आणि सीटच्या गाद्यांचे वरचे पृष्ठभाग ऊन खातात. तिथे आणखी किंचित उजळ हात द्या, आणि बाजूंवर खालच्या बाजूला मूळचा गडद राहू द्या. टायर काळे कधीच रंगवू नका. खरा टायर काही महिन्यांत राखाडी होतो, म्हणून गडद राखाडी.

आता गोष्टीचा पहिला फायदा. लष्कराची जीप म्हटली की बॉनेटवर पांढरा तारा आणि बाजूला नोंदणी क्रमांक. पण ही जीप विकलेली आहे. नव्या मालकाने तारा पुसला नसेल, हाताला लागला तो हिरवा डब्यातून काढून त्यावर फासला असेल. तेव्हा डेकल (किटबरोबर येणारी, पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) लावायच्या ऐवजी ताऱ्याच्या जागी जरा वेगळ्या छटेचा हिरवा चौकोन मारा, जाणूनबुजून ब्रशचे फराटे दिसतील असा. क्रमांकाच्या जागी तशीच आडवी पट्टी. एवढ्या एका डागाने गाडीला मागचा मालक मिळतो.

ज्यांना डेकल लावायचेच आहेत त्यांनी आधी तिथे ग्लॉस वार्निश द्यावं. खरखरीत मॅट रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी चकाकी राहते. ग्लॉस आपल्यालाही लागणारच आहे, वॉशसाठी, म्हणजे फटींत उतरणाऱ्या अगदी पातळ गडद रंगासाठी. म्हणून पूर्ण गाडीवर एक पातळ हात देऊन एक दिवस विसरा.

वॉश

क्रमाचं एक तर्कशास्त्र आहे. खाली अ‍ॅक्रिलिक, वर वार्निश, त्यावर तैलरंग आणि टर्पेंटाइन. टर्पेंटाइन वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकला सहसा त्रास देत नाही, त्यामुळे वॉश बिघडला तरी पुसून पुन्हा लावता येतो. हाच क्रम उलटा केला तर दुरुस्ती नाही.

बर्न्ट अंबरमध्ये कणभर काळा मिसळून टर्पेंटाइनने इतका पातळ करा की तो ताटलीत चहासारखा वाहेल. ० नंबरच्या ब्रशचं टोक फक्त खोबणीला टेकवा. बॉनेटची बिजागरी, डाव्या बाजूला कुऱ्हाड आणि फावड्याचे क्लॅम्प, पुढच्या जाळीच्या नऊ फटी (मुलकी जीपला सात असतात, बारकाईने पाहणारे हे मोजतात). रंग आपोआप फटीतून धावत जातो. पहिल्यांदा हे होताना पाहणं हा या छंदातला सगळ्यात सोपा आनंद.

अर्ध्या तासाने टर्पेंटाइनमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा केलेल्या ब्रशने बाहेर आलेला रंग टिपा. उभ्या पृष्ठभागावर ब्रश वरून खालीच ओढा, पाणी जसं वाहतं तसा. आडवा ओढलात तर डाग लगेच खोटा वाटतो. आणि भरमसाट वॉश ओतू नका. चासीखालचे स्प्रिंगचे पट्टे, अ‍ॅक्सल यांच्या सांध्यांत टर्पेंटाइन साचलं तर ताण पडलेलं उघडं प्लॅस्टिक तडकतं आणि चाक हातात येतं.

चिपिंग: इथे हात आवरा

चिपिंग म्हणजे रंगाचे टवके उडालेले दाखवणं. नवख्यांची गाडी सगळ्यात जास्त इथे फसते. हिशोब सोपा आहे: मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटरचा. तसे शंभर टवके असलेली जीप रस्त्यावर दिसत नाही, ती भंगारात दिसते.

स्पंज फाडून वाटाण्याएवढा तुकडा घ्या, कातरू नका, कापलेली कड सरळ ठसे उमटवते. मूळ रंगापेक्षा फिका हिरवा त्यावर घ्या, वर्तमानपत्रावर टिपून जवळपास कोरडा करा आणि कडांवर हलकेच टेकवा. हे झाले वरवरचे ओरखडे. त्यातल्या मोजक्या मोठ्या ओरखड्यांच्या आत ० नंबरने गडद तपकिरी ठिपका द्या. हा पत्र्यापर्यंत गेलेला टवका. तपकिरीभोवती फिक्या हिरव्याची बारीक कड शिल्लक राहिली की टवक्याला खोली येते.

कुठे? जिथे माणूस हात-पाय लावतो तिथे. या जीपचं स्टिअरिंग डावीकडे आहे, तेव्हा ड्रायव्हर डावीकडून चढतो. आपल्याकडच्या सवयीने उजवी बाजू जास्त खरवडली जाते, ते टाळा. दार नसल्यामुळे डाव्या पायरीची कड, आतली जमीन, बाजूच्या पकडायच्या मुठी, बॉनेटचे क्लॅम्प, जेरीकॅनच्या (पेट्रोलच्या पत्र्याच्या डब्याच्या) उंच रेघा आणि पुढचा बंपर. बॉनेटच्या मधोमध टवका काढायचं काहीच कारण नाही. क्लच आणि ब्रेकच्या पेडलांवर आणि पायरीच्या कडेवर ६बी पेन्सिलीचं शिसं बोटाने घासा. घासून गुळगुळीत झालेल्या लोखंडाची चमक रंगाच्या बाटलीपेक्षा पेन्सिलीतून चांगली येते.

गंज कमीच. रोज वापरातल्या गाडीवर ताजा नारिंगी गंज सायलेन्सर सोडला तर फार कुठे टिकत नाही. हेअरस्प्रेचा थर मधे देऊन वरचा रंग पाण्याने खरवडायची एक लोकप्रिय पद्धत आहे. ती पडक्या ट्रकसाठी राखून ठेवा.

निरीक्षणासाठी संग्रहालयात जाणार असाल तर एक सावधगिरी. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय पाहण्यासारखंच आहे, पण तिथल्या गाड्या रंगवून मांडलेल्या असतात. आकार आणि बारकावे तिथे शिका. झीज शिकायची तर खडी क्रशरवरचे डंपर, उसाच्या ट्रॉल्या, रस्त्याच्या कामावरचा जेसीबी बघा. बकेटचे दात आरशासारखे चकचकीत असतात आणि त्याच्यावरचा पिवळा रंग मात्र शाबूत असतो, हे एकदा पाहिलं की घरी बसून केलेले अंदाज बदलतात.

लाल धूळ

आधी थोडे तैलरंग. वर्तमानपत्राच्या किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ट्यूबमधून थेंब थेंब काढून तासभर ठेवा, तेल कागद पितो आणि रंग मॅट वाळतो. यलो ओकर, बर्न्ट सिएना आणि पांढरा यांचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके बॉडीच्या बाजूंवर द्या आणि टर्पेंटाइनच्या ओलसर चपट्या ब्रशने खाली ओढत ओढत जवळजवळ नाहीसे करा. सपाट हिरव्यात जीव येतो. दोन-तीन दिवस वाळू द्या आणि मग सगळीकडे मॅट वार्निश. काच सोडून.

हा मॅट हात धुळीच्या आधीच द्यायचा. धुळीवर वार्निश मारलं की ती भिजून गडद होते आणि फिकी पूड तर दिसेनाशीच होते.

आता गेरू. तो एकटा वापरू नका, कुंडी रंगवल्यासारखा दिसेल. जांभ्याच्या रस्त्यावरची वाळलेली धूळ फिकट, नारिंगी-तपकिरी असते. सुरुवातीला गेरू एक भाग आणि शाडू दोन भाग घ्या, मलमलच्या कापडातून गाळा. चाळणी पुरत नाही: १:३५ मध्ये अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे जवळपास दोन सेंटिमीटरचा खडा. याशिवाय जास्त शाडूचं एक फिकं आणि बर्न्ट अंबर रंगाच्या कोरड्या पेस्टलची पूड घातलेलं एक गडद, अशी तीन मिश्रणं ठेवा. एकाच रंगाची धूळ खरी वाटत नाही.

सुरुवात खालून. चासी, चाकांच्या आतल्या बाजू आणि मडगार्डच्या पोकळ्या यांवर टर्पेंटाइनचा थेंब टेकवा आणि त्यावर गडद मिश्रण झटका. वाळेपर्यंत ते भलतंच गडद दिसेल, घाबरून आणखी पांढरं घालू नका. वाळल्यावर रंग कळतो. जास्तीचं कोरड्या ब्रशने झाडा. टर्पेंटाइनची पकड नाजूक असते, बोट लागलं की निघते. म्हणून जिथे गाडी हाताने धरणार तिथे पूड पाण्यात घोळलेल्या मॅट वार्निशमध्ये कालवून लावा. मडगार्डखाली जाड थर हवा असेल तर फेविकॉल, पाणी आणि मिश्रण एकत्र करून जुन्या ब्रशने ठोका, त्यात सुतळीचे बारीक कातरलेले तंतू मिसळले तर वाळलेलं गवत तयार.

मग वर या, मिश्रण फिकं करत. गाडीच्या मागच्या फळीवर पुढच्यापेक्षा जास्त धूळ पाहिजे. धावणाऱ्या गाडीमागे हवा भोवरा घेते आणि चाकांनी उडवलेली धूळ ओढून मागच्या बाजूवर बसवते. एसटीची मागची काच आठवा. जेरीकॅनच्या वरच्या खाचांत, सुट्या चाकाच्या खोबणीत, सीटच्या गादी आणि पाठ यांच्या फटीत धूळ साचते. जिथे हात लागतो तिथून ती निघते, म्हणून क्लॅम्पभोवती, मुठींवर आणि ड्रायव्हरच्या सीटच्या मध्यावर ब्रशने किंवा कापसाच्या बोळ्याने पुसून हिरवा उघडा करा. मागच्या फळीवर लाकडी काडीच्या टोकाने बोटाची एक रेघ ओढायची हौस मला आवरत नाही. टोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर ते बोट केळ्याएवढं होईल.

काचेला वेगळा वेळ द्या. जीपच्या काचेचे दोन भाग आणि दोन वायपर. मास्किंग टेपमधून पंख्याच्या आकाराचे दोन तुकडे कापा, त्रिज्या सात मिलिमीटरच्या आसपास, आणि वायपर फिरतो त्या जागी दाबून बसवा. फिक्या मिश्रणाची चिमूट मॅट वार्निशमध्ये घोळून स्पंजने उरलेल्या काचेवर हलके टिपा. कडांना जास्त, मध्ये कमी. वाळण्याआधीच टेप उचला. पंख्याच्या आतली काच अगदी लख्ख दिसली तर कोरड्या ब्रशवरची नावापुरती पूड फिरवा, वायपरने एवढी स्वच्छ काच होत नाही.

तेल, पेट्रोल

पेट्रोलचा ओघळ बाजूच्या पत्र्यावर काढायचा मोह होतो. या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, गादी उचलून पेट्रोल भरतात. म्हणजे ओघळ गादीखाली आणि जमिनीवर. बाहेर काढायचाच असेल तर मागच्या जेरीकॅनच्या तोंडापासून खाली. बर्न्ट अंबरमध्ये ग्लॉस वार्निश मिसळलं की ओलं तेल दिसतं. चाकांच्या मधल्या तुंब्यांवर ग्रीस पाझरून तिथली धूळ काळपट-लाल झालेली असते, तो एक ठिपका प्रत्येक चाकावर. सायलेन्सरच्या तोंडाशी काळ्या पेस्टलची चिमूट.

हे सगळं करताना खिडकी उघडी ठेवा आणि गॅस पेटलेल्या स्वयंपाकघरात टर्पेंटाइन उघडू नका. गेरू गाळताना एन-९५ मास्क लावा, पण तो कण अडवतो, वाफ अडवत नाही. स्प्रे आणि थिनरसाठी कार्बन फिल्टरचा मास्क वेगळा मिळतो. टर्पेंटाइन बेसिनमध्ये ओतू नका. बरणीत ठेवलं की रंग तळाला बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं.

आता पाचही गट जोडा, पूड लावलेल्या जागा न धरता, खालून चासीला पकडून. ठेवायला झाकणाची पारदर्शक पेटी लागेलच, कारण कपाटावरची खरी धूळ आपल्या मेहनतीच्या धुळीवर कापसासारखी बसते आणि ब्रशने झाडायला गेलं तर दोन्ही निघतात. तळाला फळीचा तुकडा घेऊन त्यावर फेविकॉलमध्ये कालवलेलं तेच लाल मिश्रण पसरा आणि ते ओलं असतानाच सुटं चाक फिरवून टायरचे ठसे उमटवा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची एक पुडी टाका, शाडूला बुरशी धरू शकते.